शेवटचा अडसर

१

शनिवारी पहाटे कुणाला तरी पुरून आलं की मी हात धुते, चहा टाकते आणि कॅसेट लावते. वर्षानुवर्षांची सवय आहे. आमच्या रकोप्स गावात पुरणं शनिवारीच होतं, तेही उजाडता उजाडता, आणि गेलेला माणूस मारोकांपैकी असला तर मला गेल्याशिवाय गत्यंतर नसतं. मारोक म्हणजे आम्ही. काळं चामडं, झालरी, साखळ्या आणि रुंद कडांच्या टोप्या घालून भर उन्हात हिंडणारे, मेटल संगीताशिवाय दुसरं काही न ऐकणारे. चर्चच्या बाया आम्हाला सैतानाची पोरं म्हणतात, आणि त्यांच्या घरी कुणी गेलं की खड्डा खणायला आम्हालाच बोलावतात.

मी मारोकांचे कपडे शिवते. अंगणात पत्र्याची शेड आहे, तिच्यात चामडं शिवायचं जुनं मशीन आणि त्याहून जुना टेपरेकॉर्डर. कुणाला पाठीवर शिंगं हवी असतात, कुणाला गुडघ्यापर्यंत झालर. गिऱ्हाईक सांगेल तसं मी शिवते, पण एक गोष्ट माझ्या मनानं करते. प्रत्येकाला त्याचा असा एक आवाज देते. कुणाच्या पट्ट्याला सुटी बक्कल, कुणाच्या बाहीला काडतुसांची रिकामी टरफलं. माणूस वळणावर दिसायच्या आधी ऐकू आला पाहिजे, असं माझं म्हणणं.

कॅसेटचं नाव ‘लेसाका’. लेसाका म्हणजे गुरं कोंडायचं काटेरी कुंपण. तीस वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी ती केली. गाणारा थुसो, माझा नवरा. गिटारवर बाशी, ड्रमवर माझा थोरला भाऊ ओतेंग आणि बेसवर मी. नदीच्या कोरड्या पात्रापलीकडे गुरांची एक टाकून दिलेली वस्ती होती. तिथल्या कुंपणात टेप करायचं भाड्याचं यंत्र आणि जनरेटर नेऊन आम्ही एका दिवसात सगळी गाणी वाजवली. थुसो आणि बाशी पुढे एकाच गाडीत, एकाच वळणावर गेले. वामे, माझी मुलगी, तेव्हा रांगत होती.

आज या देशात गिटार हातात घेणारं प्रत्येक पोर आधी ‘लेसाका’ शिकतं. नवे बँड आमच्या चाली उचलतात, आमच्यासारखे गुरगुरतात, आणि कुणालाच जमत नाही तो शेवट. शेवटचं गाणं संपल्यावर टेपची पट्टी तशीच फिरत राहिली होती. त्यावर गुरांचे खूर ऐकू येतात. मग एक लांब शीळ. मग कुंपणाच्या तोंडाशी एकेक अडसर सरकतो, लाकडावर लाकूड, आणि शेवटचा अडसर खाचेत पडला की कॅसेट संपते.

मारोकाला पुरताना हा शेवट लावायचा हे कुणी सुरू केलं, कुणास ठाऊक. पेटी खाली जात असते, आम्ही टोप्या काढून उभे असतो, आणि शेवटचा अडसर पडला की पहिलं फावडं. पाद्र्यानंही आता हात टेकलेत. “तुमचं ते लाकूड लवकर पाडा,” म्हणतो, “ऊन चढतंय.”

त्या शनिवारी आम्ही स्पॅनरला पुरलं. हा आमच्या गावचा गाड्या दुरुस्त करणारा. मागे एकदा गाडीखाली सापडल्यापासून डावा पाय ओढत चालायचा. त्याला लाज वाटू नये म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्याच्या डाव्या बुटाला जाड साखळी लावून दिली होती. ठक, सर्र. ठक, सर्र. “मा-वामे,” तो म्हणाला होता, “आता लंगडा कोण म्हणेल? लोक म्हणतील, बघा कसा रुबाबात चालतोय!” मला सगळे मा-वामेच म्हणतात, वामेची आई. मूल झाल्यावर आमच्याकडे बाईचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही. स्पॅनरचं नवं जॅकेट मी गेल्या महिन्यातच दिलं होतं. काळा दोरा संपला म्हणून त्याची झालर लाल दोऱ्यानं टाचली होती, आणि तेवढ्यावरून त्यानं मला गावभर बदनाम केलं होतं. त्याच जॅकेटात आणि त्याच बुटांत तो गेला.

२

चहा घेऊन मी मशीनपाशी बसले. गाणी झाली. खूर आले. आणि खुरांमधून ठक, सर्र. ठक, सर्र.

कप तोंडाशी तसाच राहिला. मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. खूर, मग थोडं लांबून ठक, सर्र. माणूस गर्दीतून वाट काढत चालला होता आणि त्याला घाई नव्हती.

मी काही भोळी बाई नाही. सकाळी ज्याला पुरलं तोच डोक्यात वाजतोय, असं मी स्वतःला बजावलं. जुन्या पट्टीचं काही सांगता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. ती ताणली जाते, एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. पण उमटतो तो पट्टीवर आधीपासून असलेला आवाज. ती साखळी गेल्या हिवाळ्यातली होती आणि ती मी माझ्या हातानं ठोकली होती.

“को को!”

आमच्याकडे कुणाच्याही फाटकात पाऊल टाकायच्या आधी असा आवाज देतात. स्वतःच्या घरी द्यायची गरज नसते, पण वामे देते, मला चिडवायला. तिनं हाक मारली नसती तरी मला कळलं असतं. ती लहान असताना आमच्याकडे एक पांढरी शेळी होती. तिच्या गळ्यातली पितळी घंटी मी वामेच्या जॅकेटच्या कॉलरखाली शिवली आहे. पोरगी घरात कुठे आहे ते मला मान वर न करता समजतं.

“पुन्हा तेच? एवढं ऐकून कान झिजत नाहीत का गं तुझे?”

“इकडे ये. खुरांमध्ये काय ऐकू येतंय सांग.”

ती स्टुलावर बसली आणि मान कलती करून ऐकू लागली. शीळ आली तेव्हा तिनं डोळे मिटले. “बाबा,” ती म्हणाली.

“शीळ नाही. तिच्या आधी.”

“साखळी आहे. एखाद्या बैलाची सुटली असेल.”

“ती पहिल्यापासून आहे?”

“असणारच ना, मा! मग काय परवा येऊन बसली?” ती हसली आणि पुढचं बोलू लागली. पोटात काही राहत नाही तिच्या. “बरं ऐक. पुढच्या शनिवारी कुणी मरू नका म्हणावं. आमचा अख्खा बँड लेसाकाला निघालाय. तीस वर्षं झाली ना? तिथंच बसून सगळी कॅसेट नव्यानं वाजवणार आम्ही. शेवटसुद्धा. बाबांनी जिथं उभं राहून शीळ घातली, तिथं उभी राहून मी घालणार.”

“तिथं काय ठेवलंय आता? काटे आणि विंचू.”

“तुझा बेस तरी देशील का?”

“बघू,” मी म्हटलं.

शीळ थुसोची नव्हती. लहानपणी गाढवाच्या लाथेनं त्याचे पुढचे दोन दात गेले होते. शीळ घालायला गेला की नुसती हवा यायची आणि आम्ही हसून हसून लोळायचो. ती शीळ त्याची, हे लोकांनीच ठरवून टाकलं. वामेला बाप आठवत नाही. गाण्यांमध्ये तो नुसता गुरगुरतो, माणसासारखा आवाज म्हणून तिच्या वाट्याला तेवढी शीळच आली. ती लहान असताना झोपेना तर मी तेवढाच भाग लावायचे. तिचा हा आधार काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं, आणि शीळ घातली असेल ओतेंगनं, असं मी धरून चालले.

३

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. सकाळी शेडचं दार लावून घ्यायचं आणि ऐकत बसायचं. वामेच्या फोनमध्ये याच गाण्यांची वेगळी प्रत होती, तीही ऐकली. तिच्यातही साखळी होती. आणि एकदा कान तिकडे लागल्यावर बाकीचे ऐकू यायला लागले.

मा-लोराटोच्या दोन बकला एकमेकींवर आपटतात, त्या होत्या. ती दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. फ्रान्सिसटाऊनहून यायचा तो उंच माणूस, त्याच्या बाहीवरची टरफलं होती. मांडीवर हात आपटत चालायची सवय असलेल्या म्हाताऱ्याचं लोखंडी कडं होतं. मी शिवलेला एकही आवाज मला परका नव्हता. गुरं त्यांच्यात होती की नव्हती, हेच आता सांगता येईना. जे गेले ते सगळे होते. जे जिवंत आहेत त्यांच्यातलं कुणी नव्हतं. पितळी घंटी तर नव्हतीच, त्याची मी रोज खात्री करत होते.

गुरुवारी मी ओतेंगकडे गेले. पाण्याचा टँकर चालवून निवृत्त झालाय, गुडघे धरून अंगणात बसलेला असतो.

“को को!”

“ये. चहा संपलाय. बडबड हवी असेल तर आहे.”

“लेसाकाच्या शेवटी शीळ तू घातलीस ना?”

“मी? बाशीनं घातली ती.”

“बाशी माझ्याबरोबर गाडीत सामान चढवत होता. आणि थुसोला तर येतच नव्हती.”

“दात नव्हते बिचाऱ्याला,” ओतेंग हसला. मग त्याचं हसू थांबलं. “मी तर ड्रम सोडवून घोंगडीत बांधत होतो.”

“मग अडसर कुणी सरकवले?”

त्यानं गुडघ्यांवरचे हात काढले.

“मांस कशावर भाजलं होतं आपण त्या दिवशी?” त्यानं विचारलं.

“जाळावर. आणखी कशावर?”

“जाळ कशाचा? तिथं जवळपास जळण होतं का? सुकं मोपानेचं लाकूड होतं, कुंपणाच्या तोंडाशी. थुसोनं एकेक उपसून आणलं. म्हणाला, गुरंच नाहीत तर दार कशाला हवं? तूच तर म्हणालीस, काय छान निखारे पडलेत.”

“सगळे अडसर?”

“शेवटचा जरा ओला होता. तोही जाळला.”

मला त्या मांसाची चव आठवली. मीठ जास्त झालं होतं आणि बोटं चाटून खाल्लं होतं. आणि तीस वर्षं आम्ही चौघांनीच जाळलेलं लाकूड आम्हीच थडग्याथडग्याशी उभं राहून ऐकत होतो, आणि आम्हा उरलेल्या दोघांनाही वाटत होतं की ते दुसऱ्यानं सरकवलं असेल.

“जुन्या काळी मालक मेला की त्याला त्याच्याच कुंपणात पुरायचे,” ओतेंग हळूच म्हणाला. “वरून गुरं फिरवायची, म्हणजे जागा कुणाला सापडत नाही. तुला माहीत आहे ना?”

“मला काही माहीत करून घ्यायचं नाही. ऊठ, गाडी काढ.”

४

आम्ही दुपारीच पोहोचलो. लख्ख ऊन होतं. म्हणून मी जे पाहिलं त्याबद्दल मला अंधाराला दोष देता येत नाही.

कुंपण असं उरलंच नव्हतं. काटे वाळवीनं खाऊन जमिनीशी आलेले, कुठूनही ओलांडून आत जावं. फक्त तोंडाचे दोन खांब ताठ उभे होते, आणि त्या खांबांमध्ये अडसर होते. जुने, काळे पडलेले, रोज हात लागून लागून गुळगुळीत झालेले. सर्वांत वरची खाच तेवढी रिकामी होती. तिथला अडसर खांबाला टेकवून ठेवला होता. एखादं जनावर यायचं राहिलं असलं की आपण ठेवतो, तसा.

“दुसऱ्या कुणी वस्ती केली असेल,” मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला.

“शेण कुठंय मग?” ओतेंग म्हणाला.

शेण नव्हतं. खुरांच्या खुणा नव्हत्या. तोंडापासून आत बुटांचे ठसे गेले होते, एकावर एक, इतके की जमीन कुटून काढल्यासारखी दिसत होती. सगळ्या टाचा आमच्या बाजूला. बाहेर येणारा एकही ठसा मला सापडला नाही. एका बाजूला डाव्या पायाची ओढलेली रेघ होती आणि तिच्या कडेनं साखळीचे वळ.

वारा पडलेला होता. बाहेर धुळीचा कण हलत नव्हता, आणि आत मात्र छातीभर उंचीची धूळ उभी होती, पुष्कळ गुरं एका जागी खोळंबली की उठते तशी. मी अजून एक पाऊल पुढे टाकलं. ओतेंगनं माझा दंड धरला.

धुळीतून एक बाही बाहेर आली आणि लावलेल्या अडसरांतल्या सर्वांत वरच्यावर टेकली. हात मला दिसला नाही. हात नव्हताच असं मी म्हणत नाही, मी बघितला नाही. मी झालर बघत होते. ती लाल दोऱ्यानं टाचलेली होती आणि टाके माझे होते. ती बाही टेकून नुसती थांबली होती, फाटकाशी कुणाची वाट बघत माणूस उभा राहतो तशी.

आम्ही परत फिरलो. गाव दिसायला लागलं तेव्हा ओतेंग म्हणाला, “पोरीला सांग.”

५

सांगितलं. मी जे सांगायला नको तेही सांगून टाकलं.

वामे चुलीपाशी उभी राहून जोंधळ्याची लापशी ढवळत होती. साखळीचं, बाहीचं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. “मा, तू महिनाभर नुसती पुरणं करत फिरतेस,” ती म्हणाली. “झोपतेस कधी? मालोमेचं तर काय, गुडघ्याच्या गोळ्या घेऊन त्याला दिवसा हत्ती दिसतात.” मालोमे म्हणजे मामा, माझा भाऊ. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते.

“वामे, तिथून शीळ घालणारा तुझा बाप नाही.”

पळी थांबली.

“त्याला शीळ येत नव्हती. पुढचे दात नव्हते. कुणालाही विचार. त्या शिळेवर ते सगळे आत जातात, आणि ती कुणाची आहे ते मला माहीत नाही. तू तिथं उभी राहून शीळ घालू नकोस. तेवढं माझं ऐक.”

“मी लहान होते तेव्हा तूच लावायचीस ती,” ती म्हणाली. “मला झोपवायला.”

“लावायचे.”

“आणि आता सांगतेस?”

“आता सांगतेय, कारण मला भीती वाटते. मला दुसरं कुणी नाही.”

“मलाही दुसरं काही नव्हतं त्याचं,” ती म्हणाली. “तेवढंसुद्धा ठेवायचं नाहीस ना तू माझ्याकडे?” तिनं पळी भांड्यात सोडली आणि निघून गेली. लापशी खालून लागली. तिचा वास घरभर राहिला.

ती झोपल्यावर मी तिचं जॅकेट शेडमध्ये आणलं आणि कॉलरखालचे टाके उसवले. घंटी काढून, मशीनमागे जी कातडी टांगलेली असतात त्यांच्या पाठी खिळ्याला अडकवली. याला काही अर्थ नव्हता हे मला कळत होतं. पण मी आयुष्यभर माणसांना ऐकू येण्याजोगं केलं, आता निदान माझ्या पोरीला तरी ऐकू न येण्याजोगं करावं, एवढंच मला सुचलं. पोरगी मुकाट चालत राहिली तर कदाचित तिकडे कुणाला तिचा पत्ता लागणार नाही.

६

शनिवारी मी उठले तेव्हा ती गेलेली होती. माझा बेसही गेला होता. मी तशीच ओतेंगकडे पळाले.

“तिला घेऊन ये. वाजवू दे हवं तेवढं, पण शेवटाच्या आधी उचलून आण. रडली तरी आण.”

“तू चल.”

“माझ्यावर ती रुसलीय. मला बघून मुद्दाम थांबेल. तू मालोमे आहेस, तुझं ऐकेल.”

तो गेला. आता वाटतं, मी जायला हवं होतं. तेव्हा मला माझी पोर ओळखीची वाटत होती, म्हणून तसं ठरवलं.

दिवसभर मी तिला फोन लावत होते. आधी वाजत राहिला, मग वाजायचाही बंद झाला. तिकडे तसंही नीट लागत नाही, असं मी म्हणत राहिले. त्या शनिवारी गावात कुणाला पुरायचं नव्हतं. वामेनं म्हटल्यासारखं कुणी मेलं नव्हतं, आणि मला हात धुवायचेही नव्हते. कॅसेट लावायची नाही असं मी ठरवलं होतं. ऊन कलल्यावर ती लावली. न लावता बसणं मला झेपलं नाही.

गाणी मी ऐकली नाहीत. खूर आले तेव्हा यंत्रावर ओणवी झाले. स्पॅनर चालला होता. मा-लोराटो होती. म्हाताऱ्याचं कडं होतं. मी एकेक ओळखून बाजूला सारत होते, धान्यातले खडे निवडावेत तशी, आणि ‘नाही, नाही’ असं मोठ्यानं म्हणत होते.

मग शीळ आली. नेहमीसारखी लांब. ती संपली आणि तिच्यामागून दुसरी शीळ उठली, बारीक, जरा चुकलेली. आणि घंटी वाजली.

पितळी, लहान. शेळी पळत आली की वाजायची तशी.

खरं सांगते, मला आधी आनंद झाला. घंटी माझ्यापाशी आहे, माझ्या पाठीमागे खिळ्यावर. म्हणजे त्यांनी मला ऐकलंय. मला बोलावणं आलंय, पोरीला नाही. माझं झालंच आहे सगळं, घ्या मला, असं मी म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते. ती हातात घ्यावी म्हणून वळले आणि कातडी बाजूला केली.

खिळा रिकामा होता. खाली फळीवर सुई होती, लाल दोरा ओवलेली. काळा दोरा मी अजून आणलेलाच नव्हता. पोरीला शिवणकाम धड येत नाही. दोऱ्याचे तुकडे सगळीकडे सांडले होते.

पहिला अडसर सरकला. दुसरा सरकला. मी धावत जाऊन बटण दाबलं आणि पट्टी थांबवली. चाकं थांबली. शेवटचा पडायचा होता. तो पडला नाही तर तोंड उघडं आहे. तोंड उघडं असेल तर माणूस बाहेर येऊ शकतो. मी बटणावर बोट दाबून धरलं, सुटू नये म्हणून दुसऱ्या हातानं ते बोट दाबलं, आणि तशीच उभी राहिले.

किती वेळ ते मला सांगता येत नाही. बाहेर ओतेंगची गाडी थांबली. एकच दार उघडलं आणि एकच लागलं. शेडच्या दारातून मला आमचं फाटक दिसतं. तो फाटकाशी येऊन उभा राहिला. टोपी त्याच्या हातात होती.

“ओतेंग,” मी ओरडले. “को को म्हण.”

तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला.

“माझ्या दारात येणारा माणूस को को म्हणतो. म्हण ना! म्हण, आणि सांग की ती मागून येतेय.”

त्यानं फाटकावर हात ठेवला आणि मान खाली घातली. आमचं फाटक तारेचं आहे. अंगणात कुठे लाकूड नाही. माझं बोट बटणावर होतं, पट्टी थांबलेली होती, चाक हलत नव्हतं. त्याच्या पाठीमागून, रस्त्यावरून, सावकाश लाकडावर लाकूड सरकत आलं, आणि खाचेत पडलं.